आधी पाना, मग फेरबदल

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी आपल्या फोर-बाय-फोरचे बॉनेट उघडून बसलेला दिसला, की शेजाऱ्यांचे त्याच्याबद्दलचे मत ठरलेले असते : हौस आहे, पैसा आहे, वेळही आहे. सर्व्हिस सेंटरमधला सल्लागार त्याला ‘वॉरंटी जाईल’ म्हणून बजावतो. आरटीओच्या दृष्टीने तो दंडाची पावती फाडून घेण्याच्या तयारीत असलेला माणूस असतो आणि ॲक्सेसरीजच्या दुकानदाराच्या दृष्टीने गिऱ्हाईक. चौघे चार गोष्टी बोलतात, पण चौघांच्याही मनात एक गोष्ट पक्की असते. गाडी स्वतः उघडणे हे गाडी बाळगण्यापेक्षा वेगळे, वरचे काहीतरी आहे; केले तर शौक, न केले तर कुठे काही अडत नाही.

हे मत उथळ आहे, असे माझे म्हणणे आहे. डांबरी रस्त्यावरच्या गाडीबाबत ते एक वेळ चालेल. जी गाडी रस्ता सोडण्यासाठीच घेतली, तिच्या बाबतीत मालकाला दुरुस्ती येणे हा त्या गाडीच्या क्षमतेचाच भाग आहे, जसा लो-रेंज गिअर असतो तसा. आणि हे मान्य केले की पुढचेही मान्य करावे लागते : जो फेरबदल मालकाला समजलेला नाही, त्याला तपासता येत नाही आणि गाडी जिथे अडकेल तिथे निदान तात्पुरता सावरता येत नाही, तो गाडीची क्षमता कमी करतो. दुकानाच्या बिलावर कितीही मोठा आकडा असला तरी.

१. गाडी बंद कुठे पडते

महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, विमा कंपनीची क्रेन आहे, पुढच्या नाक्यावर पंक्चरवाला आहे. तिथे मालकाला काही येत नसले तरी त्याचे अज्ञान दुसरे कुणी भरून काढते. सह्याद्रीतल्या एखाद्या जुन्या वनखात्याच्या वाटेवर, ओढ्याच्या पलीकडे, मोबाइलला रेंज नसताना ॲक्सलच्या हाउसिंगमधून तेल ठिबकू लागले, तर तिथे ते भरून काढणारे कुणी नसते. क्रेन मुळात तिथवर येऊच शकत नाही. ती येऊ शकली असती तर फोर-बाय-फोर कशाला लागली असती?

आपण मात्र या गाड्यांची क्षमता माहितीपत्रकातल्या आकड्यांवर मोजतो. चढाचा कोन किती अंश, किती मिलिमीटर पाण्यातून जाते, डिफरेन्शियल लॉक आहे की नाही. नव्या थारची पाण्यातली मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली जाते. हे सगळे आकडे गाडी आत कशी जाईल याचे आहेत. परत कशी येईल याचा आकडा माहितीपत्रकात छापता येत नाही, कारण ती गोष्ट मालकाकडे असते.

या प्रकारच्या गाडीचा जन्मच या समजुतीतून झाला. अमेरिकी लष्कराने १९४० मध्ये हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली आणि बँटम कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत तिचा पहिला नमुना उभा केला. जीप नावाने ती पुढे जगभर गेली, पण लष्कराने गाडी देऊन हात झटकले नाहीत. ‘आर्मी मोटर्स’ नावाचे मासिक चालवून, विल आयस्नरसारख्या चित्रकाराकडून चित्रकथा काढून घेऊन, ग्रीस कुठे मारायचे आणि नट किती आवळायचा हे साध्या सैनिकाला शिकवले. १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएस’ या मासिकात आयस्नर पुढची वीस वर्षे तेच काम करत राहिला. युद्ध करणारी संस्था चित्रकथांवर पैसा खर्च करते, तो करमणुकीसाठी नव्हे. चालवणाऱ्याला देखभाल आली नाही तर गाडी आघाडीवर टिकत नाही, एवढा त्यातला साधा हिशोब.

आपल्याकडेही हीच परंपरा होती. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्राने विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कित्येक दशके तालुक्याच्या गावातला मिस्त्री, साखर कारखान्याचा ड्रायव्हर, डॉक्टर, ठेकेदार यांच्या हाताखाली त्या गाड्या चालल्या. शिडीसारखी चेसिस, चारही चाकांना पाटे, डोळ्यांना दिसेल असे इंजिन. १९८५ मध्ये आलेली मारुतीची जिप्सीही चारही बाजूंना पाट्यांवरच उभी होती. त्या काळात मालकाला गाडीचे काही कळत नाही, असे सांगणेच अवघड होते. आजचे ‘हौस’ हे विशेषण फार अलीकडचे आहे. गाडी बंदिस्त होत गेली, तसतसे आपण तिच्याबद्दलच्या ज्ञानाला छंदाच्या खात्यात टाकले.

२. एक गोष्ट बदलली की किती बदलतात

फेरबदलांच्या बाजाराचे सगळे गणित एका भ्रमावर उभे आहे : की गाडीचा एक भाग काढून त्या जागी ‘चांगला’ भाग बसवता येतो आणि बाकी सगळे होते तसेच राहते. कारखान्यातून आलेली गाडी म्हणजे शेकडो तडजोडींचा एकमेकांत अडकलेला संच असतो. त्यातली एक तडजोड मोडली की तिच्यावर टेकलेल्या बाकीच्यांना धक्का बसतो. तीन उदाहरणे नीट पाहू, कारण बहुतेक मालकांचा पैसा याच तीन ठिकाणी जातो.

पहिले, सस्पेंशन लिफ्ट. गाडी दोन इंच उचलली की खालून दोन इंच जास्त जागा मिळते, असे समजून ती केली जाते. सलग ॲक्सलच्या गाडीत हे चूक आहे. लिफ्टने बॉडी आणि चेसिस वर जाते. डिफरेन्शियलचा गोळा ॲक्सलवर असतो, तो होता तिथेच राहतो, आणि दगडाला आधी तोच लागतो. चढ-उताराचे कोन सुधारतात, हे खरे. पण त्यासाठी काय दिले? प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला, म्हणून क्रॉस लवकर झिजतो आणि ठरावीक वेगाला खालून थरथर येते. पुढच्या चाकांचा कॅस्टर कमी झाला, म्हणून स्टीअरिंग वळणानंतर आपसूक सरळ होत नाही आणि गाडी हायवेवर भरकटल्यासारखी चालते. चाक पूर्ण खाली लोंबकळले की ब्रेकचा रबरी होज ताणला जातो. ज्या गाडीत पुढे इंडिपेंडंट सस्पेंशन आहे, तिथे पुढच्या ॲक्सल शाफ्टचे सांधे सतत तिरके फिरतात, त्यांचे रबरी बूट फाटतात आणि आत चिखल जातो. गुरुत्वमध्य वर गेला, म्हणजे आडव्या उतारावर उलटण्याचा कोन आधी येतो. दुकानात यातले काहीच सांगितले जात नाही. किट, मजुरी, अलाइनमेंट एवढाच हिशोब होतो.

दुसरे, मोठे टायर. ॲक्सल खरोखर उचलणारी गोष्ट हीच, पण इथेही आकडे बघावेत. थारच्या २५५/६५ आर १८ टायरचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच. त्या जागी ३३ इंची टायर घातला तर ८३८. जमिनीपासूनची उंची मात्र व्यासाच्या फरकाच्या निम्मीच वाढते, जेमतेम २५ मिलिमीटर. त्या २५ मिलिमीटरसाठी चाकाचा घेर सहा टक्क्यांहून जास्त वाढतो. स्पीडोमीटर मूळचा अचूक धरला तर काटा ८० वर असताना गाडी ८५ ने पळत असते. गिअर तेवढ्याच प्रमाणात उंच होतात, म्हणजे ज्या लो-रेंजच्या भरवशावर तुम्ही दगडातून गाडी इंचाइंचाने उतरवता, तीच कमजोर होते. ब्रेकला जास्त जड आणि जास्त लांब तरफेवरचे चाक थांबवावे लागते. आणि मागच्या दारावर टांगलेली तेवढीच जड स्टेपनी त्या दाराच्या बिजागऱ्या प्रत्येक खड्ड्याला ओढत राहते. वर्षभराने दार खडखडू लागते, तेव्हा त्याचा संबंध टायरशी आहे हे मालकाच्या ध्यानीही येत नाही.

तिसरे, स्नॉर्केल. तिच्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल नसेल. इंजिन हवेसोबत पाणी ओढते, पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हे टाळायला हवेचे तोंड छपरापर्यंत नेले, इथवर ठीक. पण एअर फिल्टरच्या डब्याचा एखादा सांधा ढिला असेल, तर वरचे तोंड कितीही उंच असो, पाणी खालूनच शिरते. इंजिन वाचले तरी बाकीचे काय? हाउसिंगला, गिअरबॉक्सला, ट्रान्सफर केसला श्वास घेण्यासाठी बारीक ब्रीदर असतात. तासभर चालून तापलेले हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ते ब्रीदरमधून किंवा जुन्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढते. ब्रीदरची नळी वर नेऊन बांधायला थोडी रबरी नळी आणि दोन-चार क्लिपा लागतात. ते न करता फक्त स्नॉर्केल लावलेली गाडी जास्त खोल पाण्यात जाते आणि जास्त नुकसान घेऊन बाहेर येते.

३. हाताला जे कळते

मग हे सगळे परस्परसंबंध मालकाला कळणार कुठून? माझे उत्तर असे आहे की ते दुरुस्तीतूनच कळतात. वाचूनही थोडे कळते, पण वाचलेले विसरते. हात काळे करून कळलेले विसरत नाही.

पाण्यातून आलेल्या गाडीचे हाउसिंगचे तेल तपासण्याचे काम घ्या. गाडी रात्रभर सपाटीवर उभी ठेवायची. सकाळी आधी वरचा फिलर प्लग सैल करून बघायचा, ड्रेन नव्हे. कारण फिलर गंजून अडकला असेल आणि खालून तेल सोडून दिले, तर नवे भरणार कुठून? फिलर सुटला की मगच ड्रेन प्लग किंचित ढिला करायचा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून रात्रीत ते तळाशी बसलेले असते आणि आधी तेच टपकते. मागून येणारे तेल दुधाळ असेल, तर पाणी घुसळले गेले आहे. प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी चिकटा असेल तर झीज नेहमीची. चमकणारे तुकडे असतील तर क्राऊन-पिनियनकडे बघावे लागेल. तेलाने माखलेल्या या तासाभरात माणसाला कळते की पाणी कुठून शिरले, सील कुठला गेला, ब्रीदर कुठे उघडतो. ते एकदा कळले की स्नॉर्केलच्या जाहिरातीकडे तो वेगळ्या नजरेने बघतो.

पाट्यांच्या गाडीत यू-बोल्टचेही तसेच. पाटे बदलल्यावर यू-बोल्ट आवळून भागत नाही. काहीशे किलोमीटर चालल्यावर पाटे एकमेकांवर बसतात आणि आवळ कमी होते. पुन्हा टॉर्क पान्याने आवळले नाहीत, तर पाट्यांची सगळी ओढ मधल्या सेंटर बोल्टवर येते. तो कातरला गेला की ॲक्सल जागेवरून सरकते. ज्याने हे काम एकदा स्वतः केले, तो दर लांबच्या फेरीनंतर वाकून तिथे नजर टाकतोच. ज्याने पैसे देऊन करून घेतले, त्याला तिथे बोल्ट आहे हेच ठाऊक नसते.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. ज्याला आपल्या गाडीचे चाक काढून हबचे बेअरिंग हलते का ते पाहता येत नाही, त्याने लिफ्ट किटची चौकशीही करू नये. कडक वाटेल, पण मी हे मनापासून म्हणतो. गाडी जशी आहे तशी वर्षभर सांभाळावी. तिचे आवाज, तिची गळती, तिची झीज कुठे होते हे ओळखावे. मग जी उणीव खरोखर जाणवेल, तेवढीच भरून काढावी. अशा मालकाच्या गाडीला आपोआपच कमी फेरबदल होतात, आणि जे होतात ते टिकतात.

४. खरे काम दिसत नाही

हा क्रम पाळला तर करायच्या कामांची यादी बाजाराच्या यादीपेक्षा फार निराळी निघते. सर्वांत वर येते हवा. ३० पीएसआयवर चालणारा टायर वाळूत १८-२० वर आणला की जमिनीवरचा त्याचा ठसा लांबतो आणि गाडी रुतायची थांबते. यासाठी एक प्रेशर गेज आणि परत हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर पुरतो. महागड्या टायरांपेक्षा याने जास्त गाड्या बाहेर काढल्या आहेत.

त्यानंतर ओढून काढण्याची जागा. चेसिसला बोल्टने पक्के बसवलेले, त्याच कामासाठी घडवलेले रिकव्हरी पॉइंट पुढे-मागे हवेत. ट्रेलर ओढायचा टो-बॉल हा रिकव्हरी पॉइंट नव्हे. लवचिक पट्ट्याने झटका देऊन गाडी काढताना तो तुटला तर गोळीसारखा उडतो आणि माणसे मारतो. हे किती जणांना माहीत असते?

मग वायरिंग. १०० वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सोळा-सतरा अँपिअर ओढतात. कारखान्याचा स्विच आणि त्याची वायर त्यासाठी नसते. रिले हवा, पुरेशा जाडीची वायर हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. दिव्यापाशी लावलेला फ्यूज मधली वायर चेसिसला घासून उघडी पडली तर काहीच वाचवत नाही. हार्नेस सोलून, पीळ मारून, वर टेप गुंडाळून दिलेले कनेक्शन म्हणजे आगीला दिलेले आमंत्रण आहे, मग ते मालकाने केलेले असो वा दुकानदाराने.

५. आक्षेप

‘ज्याचे काम त्याने करावे.’ निष्णात फोरमनचा हात माझ्या वाचकाच्या हातापेक्षा शंभर पटीने चांगला असणार, यात वाद नाही. काही कामांत तर मालकाने हात घालूच नये : चेसिसचे वेल्डिंग, स्टीअरिंगचे सांधे तापवणे, एअरबॅग, डिझेलचे उच्च दाबाचे इंजेक्शन. पण हा आक्षेप एक गोष्ट विसरतो. फोरमन गाडीबरोबर येत नाही. शिवाय चांगला फोरमन आणि नुसता पाने फिरवणारा यांच्यातला फरक ओळखायलाही स्वतःला थोडे काम यावे लागते. ज्या गिऱ्हाइकाला काम कळते, त्याच्याशी जाणता मिस्त्री जास्त मनापासून बोलतो.

‘आता गाड्या इलेक्ट्रॉनिक झाल्या, घरी काय होणार?’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. बीएस-६ नंतरच्या डिझेल गाडीत धुरातली कणगाळणी (डीपीएफ), सेन्सर, संगणक यांचे जाळे आहे. पण त्याच गाडीत हब, सील, ब्रीदर, बुश, बॅटरीची टर्मिनलेही आहेत, आणि आडवाटेवरचा बिघाड बहुधा तिथलाच असतो. संगणकाशी बोलायला ओबीडीचे सॉकेट आहे. साधा रीडर लावला तर कोड कळतो. अडचण यंत्रापेक्षा माहितीच्या मक्तेदारीची जास्त आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड केला, तो याच कारणाने : सुटे भाग आणि निदानाची साधने त्यांनी बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली नाहीत. त्या आदेशाविरुद्ध अपिले झाली, तो वाद लांबला. पण आयोगाने दाखवलेली दुखरी जागा खरी होती. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. ‘गाडी अवघड झाली’ असे म्हणून गप्प बसणारा मालक या प्रश्नावर कधीच बोलणार नाही. बोलेल तो, ज्याने एकदा तरी स्वतः गाडी उघडायचा प्रयत्न केला आणि माहिती नाकारली गेल्याचे अनुभवले.

‘हे बेकायदा आहे, आणि इतरांना धोका आहे.’ सगळ्यांत गंभीर आक्षेप हाच. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीतल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा, असे केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्ये कळवले होते, आणि माझ्या मते ते योग्यच होते. तो गार्ड पादचाऱ्याला जास्त मारतो आणि धडकेत गाडीची ऊर्जा शोषण्याची रचना बिघडवतो. डिझेलची कणगाळणी काढून टाकणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. तो आपला धूर दुसऱ्याच्या फुप्फुसात सोडतो.

पण याच कायद्यात बदलाची व्याख्या गाडीच्या मूलभूत वैशिष्ट्यात होणाऱ्या बदलाशी जोडलेली आहे. दुरुस्ती, सील बदलणे, ब्रीदर वर नेणे, पाटे मूळ मापाचे बसवणे हे त्यात येत नाही. कायदा जिथे रेघ मारतो आणि मी वर जो क्रम सांगितला, ते एकमेकांच्या जवळ आहेत. कायद्याला मान्य नसलेल्या गोष्टी बहुतेक त्याच आहेत, ज्या न समजता बसवल्या जातात. जिथे कायदा अपुरा पडतो, ते वेगळे. गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांतल्या गाड्या मुळापासून बदललेल्या असतात. त्यांनी रस्त्यावर येऊ नये, ट्रेलरवरून स्पर्धेला जावे, हे सरळ. पण त्या टोकाच्या आणि साध्या गाडीच्या मध्ये, तपासून मान्य करता येतील असे कितीतरी सौम्य बदल आहेत. सीएनजी किट जसे तपासून नोंदणी पुस्तकात चढते, तशीच वाट मापात केलेल्या सस्पेंशन बदलाला का नसावी? आज ती नसल्यामुळे जबाबदार मालक आणि बेफिकीर मालक कायद्यापुढे एकच ठरतात, आणि विमा कंपनीला दावा नाकारायला दोघांच्याही बाबतीत तेच कारण मिळते.

‘मुळात गाड्या डोंगरात कशाला न्यायच्या?’ या आक्षेपाशी मी बराचसा सहमत आहे. जांभ्या दगडाच्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो. पावसात तिथे उगवणाऱ्या वनस्पतींवरून एकदा चाक गेले की त्याचा चर वर्षानुवर्षे राहतो. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, म्हणून त्याची काळजी घेतली जाते. नाव नसलेल्या सड्यांची कुणी घेत नाही. तिथे गाडी नेऊ नये, फोर-बाय-फोर असली तरी. पण जिथे वाट आहेच, वाडीवस्तीला जाणारी, शेतावर जाणारी, तिथे जाणारी गाडी गळके सील घेऊन जाऊ नये. हाउसिंगमधून गेलेले तेल शेवटी ओढ्यातच उतरते.

या सगळ्यातून मागणी एकच निघते आणि ती कंपन्यांकडे आहे. गाडीसोबत मिळणाऱ्या मालक पुस्तिकेत सीट कशी सरकवायची आणि ब्लूटूथ कसे जोडायचे यावर पानेच्या पाने असतात. फोर-बाय-फोर विकताना तिथे हाउसिंगच्या तेलाचा प्रकार आणि प्रमाण, ब्रीदरच्या जागा, यू-बोल्टपासून व्हील नटपर्यंत सगळ्यांचे टॉर्क, आणि पाण्यातून आल्यावर काय-काय तपासायचे याचा आकृत्यांसह मजकूर छापावा. मराठीतही छापावा.